एलिस आयलंडवर आडनावं बदलली? नाही!

अमेरिकेतल्या कितीतरी ज्यू घरांत एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते: पणजोबा बोटीतून उतरले, न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावरच्या कारकुनाला नाव कळेना, त्यानं मनाला येईल ते लिहून टाकलं. यावर विनोदही आहे. घाबरलेला म्हातारा यिद्दिशमध्ये (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) 'शोयन फर्गेसन' (विसरलोच की!) म्हणतो आणि कागदावर उमटतो शॉन फर्ग्युसन. विनोद झकास, पण घडलं तसं नाही.

१८९२ साली सुरू झालेल्या या केंद्रातले कारकून नावं लिहीतच नसत. प्रवाशांची यादी हँबुर्ग, ब्रेमेनसारख्या बंदरांत बोट कंपनीच करायची. इथं फक्त ती पडताळायची. यिद्दिश जाणणारे दुभाषेही असत.

नावं बदलली ती नंतर, आणि बहुतेकदा स्वतःहून. नोकरीच्या अर्जावर 'कोहेन'सारखं ज्यू आडनाव दिसलं की दार बंद व्हायचं, म्हणून अमेरिकेत जन्मलेली मुलंसुद्धा रीतसर कोर्टात जात. कारकुनावर ढकलणं घरच्यांना सोपं गेलं असावं.

त्यामुळे घराण्याचं मूळ शोधताना प्रवाशांच्या यादीत जुनंच नाव धुंडाळा. १९०६ नंतरच्या नागरिकत्वाच्या कागदांवर बोटीचं नाव नि तारीखही सहसा सापडते.