भिंतीला पोट सुटतं तेव्हा

कोकणात गडगा रचताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ग्रेट झिम्बाब्वेची भिंत समजायला वेळ लागणार नाही. चुना नाही, माती नाही, सिमेंट तर नाहीच. दगडावर दगड, आणि खालचा सांधा वरच्या दगडानं झाकला जाईल अशी बसवणी. फरक आकाराचा. आपला गडगा फार तर छातीइतका, आणि आफ्रिकेतल्या मस्विंगो शहराजवळची ही भिंत ११ मीटरपर्यंत उंच, घेर सुमारे २५० मीटर. अकराव्या ते पंधराव्या शतकांदरम्यान शोना लोकांच्या पूर्वजांनी हे दगडी नगर उभारलं. ‘झिम्बाब्वे’ म्हणजेच दगडी घरं. १९८० साली स्वतंत्र झालेल्या देशानं तेच नाव घेतलं आणि १९८६ मध्ये ही जागा जागतिक वारशाच्या यादीत गेली.

या भिंती उभ्या राहाव्यात म्हणून १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून जे राबले, त्यांत वेबर न्डोरो हे झिम्बाब्वेचेच पुरातत्त्वज्ञ होते. त्यांनी पुरातत्त्वाबरोबर जुन्या इमारतींच्या जतनाचंही शिक्षण घेतलं होतं, आणि इथे दोन्हींची गरज होती. कारण भिंत पडायला लागली की प्रश्न इतिहासाचा राहत नाही, वजनाचा होतो.

बाहेरून एकसंध दिसणारी ही भिंत आतून तशी नाही. दोन्ही तोंडांना नीट थरांत लावलेले ग्रॅनाइटचे दगड आणि मधे दगडधोंड्यांची भर. इथला ग्रॅनाइट उन्हा-गारठ्यानं कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटतो. पापुद्र्याची जाडी साधारण सारखी, म्हणून तो फोडला की विटेसारखे दगड आयतेच मिळतात. पाथरवटाचं निम्मं काम निसर्गानंच केलेलं. पण आतली भर काही अशी नेटकी नसते. पावसाचं पाणी माथ्यावरून शिरतं, बारीक माल खाली वाहून नेतं, भर खचते आणि बाहेरच्या तोंडाला आतून रेटा देते. भिंतीला पोट सुटतं. तोंडाचे दगड आतल्या भरीत खोल गुंतलेले नसतील तर हे पोट वाढत जातं आणि एक दिवस तेवढा भाग ढासळतो. त्यात माथ्यावर उगवलेल्या झुडपांची मुळं आणि फोटोसाठी भिंतीवर चढणारे पर्यटक.

मात्र पोट दिसलं म्हणून लगेच भिंत उतरवायची नसते. एखादं पोट कित्येक पिढ्या तसंच उभं असू शकतं. बघायचं असतं ते वाढतंय का. त्यासाठी दगडांवर बारीक खुणा बसवतात, त्यांच्यातलं अंतर महिनोन्‌महिने मोजतात, पावसाळ्याआधी आणि नंतर ताडून पाहतात. काम कंटाळवाणं आहे, पण मोजल्याशिवाय हात लावायचा नाही. उतरवायची वेळ आलीच तर आधी फोटो, मग प्रत्येक दगडाला क्रमांक, आणि तोच दगड पुन्हा त्याच जागी. सिमेंट भरून टाकण्याचा मोह मोठा असतो, पण ते घातक. गडगा टिकतो तो थोडा हलतो आणि पाणी बाहेर सोडतो म्हणून. सिमेंटनं त्याचा श्वासच कोंडतो.

जुन्या ‘दुरुस्त्यां’नी काय केलं याची उदाहरणं जागेवरच आहेत. १९०२ ते १९०४ या काळात इथली देखरेख सोपवलेल्या रिचर्ड हॉल यांनी आवारातले कित्येक फूट जाडीचे मातीचे थर उपसून फेकून दिले. हा आफ्रिकी लोकांनी नंतर केलेला कचरा, खाली कुणा परक्या प्राचीन संस्कृतीचा पुरावा सापडेल, अशी त्यांची समजूत. प्रत्यक्षात त्या मातीतच मूळ रहिवाशांच्या घरांच्या जमिनी आणि भिंती होत्या. दगडी तट म्हणजे फक्त कुंपण. माणसं राहत होती मातीच्या घरांत. इतिहासाचं पुस्तक फेकून पुठ्ठा जपला, म्हणा ना! १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकायव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-टॉम्पसन या पुरातत्त्वज्ञांनी हे नगर आफ्रिकी लोकांचंच असल्याचं दाखवून दिलं, तरी गोऱ्या सरकारला ते पचायला पुढचं अर्धं शतक गेलं.

दारांची गोष्टही तशीच. त्या ११ मीटर उंच भिंतीनं वेढलेल्या मोठ्या आवाराच्या प्रवेशांवर लाकडी तुळया होत्या आणि त्यांच्यावरून भिंत पुढे जात होती. लाकूड कुजलं, वरचा भाग कोसळला. गेल्या शतकाच्या सुरुवातीला डागडुजी करणाऱ्यांनी दारं वरून उघडीच ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना तेच मूळ रूप वाटू लागलं. पश्चिमेच्या दारावर पुन्हा तुळया बसल्या त्या १९९५ मध्ये, जुन्या फोटोंच्या आधारानं.

एवढं सगळं करून न्डोरो यांना जे खटकत राहिलं ते भिंतीत नव्हतंच. आसपासच्या घराण्यांसाठी ही पूर्वजांची जागा. संरक्षित स्मारक झाल्यावर तिथे कुंपण आलं, तिकीट आलं आणि विधी बंद झाले. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात २००१ साली त्यांनी सादर केलेल्या प्रबंधाच्या नावातच हे आहे: तुमचं स्मारक, आमचं देवस्थान. दगडांची निगा उत्तम, पण ज्यांचे दगड तेच बाहेर, हे त्यांनी स्वतः ज्यात काम केलं त्या स्मारक खात्याबद्दल लिहिलं. मला ही हिंमत मोजमापांहून मोठी वाटते.

पुढे आफ्रिकेतल्या वारसास्थळांसाठी माणसं तयार करणारा एक उपक्रम त्यांनी सांभाळला, मग आफ्रिकन वर्ल्ड हेरिटेज फंडाची धुरा, आणि २०१८ ते २०२३ रोममधल्या इक्रॉम या जतनविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेचं महासंचालकपद. तिकडे ग्रेट झिम्बाब्वेत सध्याचा मोठा शत्रू आपल्याही ओळखीचा आहे. रस्त्याकडेला रंगीत गुच्छ मिरवणारी घाणेरी! अमेरिकेतून आलेलं हे झुडूप तिथल्या भग्नावशेषांभोवती माजलंय, आणि कितीही तोडा, बुंध्यातून पुन्हा फुटतं.