१११ ब्रिगेड आणि पाकिस्तानातली बंडं

पाकिस्तानातलं प्रत्येक लष्करी बंड रावळपिंडीच्या १११ ब्रिगेडने केलं, ही समजूत खरी नाही. १९५८ मध्ये मार्शल लॉ पुकारला तो खुद्द राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झांनी. वीस दिवसांत त्यांचाच राजीनामा घेतला तीन जनरलांनी. १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष अयूब खानांनी सत्ता लष्करप्रमुख याह्या खानांच्या हाती दिली. १९९९ च्या १२ ऑक्टोबरच्या बंडात मात्र याच ब्रिगेडचे जवान इस्लामाबादेत सरकारी टीव्ही केंद्राच्या फाटकावर चढले. ते दृश्य जगाने पाहिलं, आणि मग जुन्या बंडांचं श्रेयही (श्रेय कसलं म्हणा!) तिच्याच खाती जमा झालं. मुळात ती राजधानीशेजारची, दहाव्या कोअरच्या (अनेक तुकड्यांच्या मोठ्या सैन्यदलाच्या) हाताखालची तुकडी. हुकूम वरून येतो.