छायाचित्रणोत्तर चित्रकला : हुबेहूबपणा आणि भावाभिव्यक्ती

कॅमेरा आला, हुबेहूब चित्रणाची गरज संपली आणि चित्रकार भावनेकडे वळले, असे सरसकट सांगितले जाते. प्रत्यक्षात कॅमेऱ्याला जे जमत नव्हते, तिथे चित्रकलेने आधी हात घातला. आणि ते होते रंग.

फ्रेंच संशोधक दागेर याची छायाचित्रणाची पद्धत १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये जाहीर झाली. पोट मारले गेले ते छोटी व्यक्तिचित्रे रंगवणाऱ्या लघुचित्रकारांचे. दलाक्र्वासारखे मोठे चित्रकार उलट फोटो समोर ठेवून रेखाटने करू लागले. दृक्प्रत्ययवाद्यांचे (इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचे) १८७४ चे पहिले प्रदर्शनही नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओतच भरले.

कॅमेऱ्यातल्या सुरुवातीच्या प्रकाशसंवेदी काचा मुख्यतः निळा प्रकाश टिपत. त्यामुळे लाल कापड काळे येई, आकाश पांढरेफटक. त्याच १८३९ साली रसायनशास्त्रज्ञ शव्ह्रल याने शेजारच्या रंगांच्या परस्परपरिणामाचा नियम मांडला होता. लाल-हिरवे शेजारी लावले की दोन्ही पेटतात; पॅलेटवर एकत्र घोटले की मळकट तपकिरी होतात. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये रात्रीच्या कॅफेच्या चित्रात लाल भिंतींवर हिरवे छत ठेवले, ते याच हिशेबाने. त्याच सुमारास त्याने आईचे चित्र फोटोवरून रंगवले. बिनरंगी फोटो त्याला सोसवत नव्हता.

वास्तवाचीही फेरतपासणी झाली. छायाचित्रकार मायब्रिजच्या १८७८ च्या फोटोंत दिसले, की दौडणाऱ्या घोड्याचे चारही खूर जमिनीवरून सुटतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. म्हणजे चित्रकार जेरिकोने १८२१ मध्ये रंगवलेले, पाय पुढे-मागे फाकलेले शर्यतीचे घोडे चुकीचे ठरले. वेग जाणवतो मात्र त्यांच्यातच.

फोटोवरून रंगवताना फसगत होते ती सावल्यांत. फोटोत त्या काळ्या, सपाट येतात. डोळ्याला त्यांत जांभळट, हिरवट छटा दिसतात. म्हणून ज्याचे चित्र काढायचे त्याला समोर बसवून सावलीचे रंग टिपून घ्यावेत. हातभर अंतरावरून घेतलेल्या फोटोत नाक फुगते, कान मागे पडतात. दोन मीटर तरी मागे सरकावे. भावपूर्ण चित्र बिघडते ते सगळेच रंग चढे लावल्याने. करड्याच्या सोबतीशिवाय लाल बोलत नाही.

मुंबईत क्रम वेगळा. छायाचित्रण संस्था १८५४ ची, जे. जे. कलाशाळा १८५७ ची. म्हणजे इथे पाश्चात्य वास्तवदर्शी रेखाटनाचे शालेय शिक्षण सुरू झाले तेच कॅमेरा आल्यावर. त्या शिस्तीविरुद्धचे संघटित बंड प्रोग्रेसिव्ह या चित्रकारांच्या गटाने केले, १९४७ मध्ये.