लकव्यानंतरचा हात मोजणीवर परततो

सोलापुरात विडीची मजुरी हजारावर ठरते. तेंदूचं पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. हजार विड्या म्हणजे बोटांच्या काही हजार हालचाली, त्याही रोज. अशा बाईचा उजवा हात लकव्यानं गेला, की विचारणाऱ्याला घरचे सांगतात, मालिश चालू आहे, फिजिओथेरपीही चालू आहे. पण उपचाराच्या त्या तासाभरात हात किती वेळा हलला, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा.

अमेरिका आणि कॅनडातल्या संशोधकांनी फिजिओथेरपीची सत्रं चालू असताना शेजारी बसून हालचाली मोजल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा आकडा अस्वस्थ करणारा आहे. वस्तू उचलणं, धरणं, ठेवणं असा कामाचा सराव हातावरच्या सुमारे निम्म्याच सत्रांत झाला, आणि झाला तिथेही सरासरी ३२ वेळा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूची जोडणी बदलते ती तीच हालचाल रोज शेकडो वेळा केल्यानंतर.

लकव्यात बिघाड हाताच्या स्नायूंत नसतो. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाताला हुकूम देणाऱ्या पेशी मरतात. आजूबाजूच्या पेशी ते काम काही प्रमाणात उचलू शकतात, पण हात वापरला तरच. वापरला नाही, तर मेंदू त्या हाताचा नाद सोडतो. सून मायेनं भरवते, डावा हात बाकीचं उरकतो आणि उजवा मांडीवर पडून राहतो.

शेकडो वेळा तीच हालचाल करणं कंटाळवाणं असतं, दुखतंही. इथे आभासी वास्तव, म्हणजे व्हीआर, उपयोगी पडतं. डोळ्यांवर हेडसेट चढवला की समोर फळं लटकतात, हात पुढे नेला की फळ सुटतं, आणि यंत्र अंतर, वेग, संख्या सगळं नोंदवतं. उद्या फळ दोन बोटं लांब टांगता येतं. मात्र व्हीआर आलं की हात आला, असं अजिबात नाही. टीव्हीसमोर खेळायच्या व्हिडिओ गेमवर २०१६ साली १४१ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला गेम दिला, दुसऱ्याला पत्ते वगैरे साधे खेळ. हात दोन्हीकडे सारखेच सुधारले. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ७२ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही हेच दिसलं: नेहमीच्या उपचाराऐवजी व्हीआर वापरून हाताला जास्त फायदा नाही, त्याच्या जोडीला वापरून सरावाचा वेळ वाढवला तर आहे.

मज्जातंतूला विजेची चेतना देण्याची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती जास्त विलक्षण वाटते. मेंदूतून निघून मानेतून छाती-पोटाकडे जाणारी व्हेगस नावाची नस आहे. तिचा हाताच्या हालचालीशी थेट संबंध नाही. पण तिला हलकी चेतना दिली, की तिच्यामार्फत मेंदूत नॉरअॅड्रेनलिनसारखी रसायनं स्रवतात आणि त्या क्षणी जे चाललंय ते पक्कं करायला मेंदू तयार होतो. मुलानं अक्षर नीट काढलं की त्याच क्षणी शाबासकी द्यावी, तसं. वेळ चुकली तर उपयोग नाही.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ साली याची चाचणी छापून आली. १०८ रुग्ण, सगळ्यांना लकवा होऊन नऊ महिने ते दहा वर्षं झालेली. प्रत्येकाच्या छातीत कातडीखाली छोटं यंत्र बसवलं आणि त्याची तार मानेतल्या डाव्या व्हेगसला जोडली. उजवी नस हृदयाची लय ठरवणाऱ्या केंद्राशी जास्त जोडलेली असते, म्हणून डावी. सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा सराव. रुग्ण हालचाल करी, थेरपिस्ट बटण दाबी, अर्धा सेकंद चेतना जाई. निम्म्या रुग्णांचं यंत्र नुसतं नावाला चालू होतं. पुढे घरी सराव करून तीन महिन्यांनी तपासलं, तेव्हा खऱ्या चेतनेच्या गटात ४७ टक्के रुग्णांच्या हातात ठळक सुधारणा होती, दुसऱ्या गटात २४ टक्के. अमेरिकेनं त्याच वर्षी या यंत्राला मान्यता दिली.

त्या २४ टक्क्यांकडेही नीट बघा. त्यांना मिळाला तो फक्त मोजून करून घेतलेला सराव, तोही लकव्यानंतर इतक्या उशिरा. ‘सहा महिन्यांत जे आलं ते आलं’ असं आपल्याकडे सर्रास सांगतात, ते सोडून द्यायला एवढं पुरे आहे.

आता व्हीआर आणि व्हेगसची चेतना या दोन्हींची सांगड घालायचे प्रयत्न चालू आहेत. व्हेगसची एक फांदी बाहेरच्या कानात, भोकाशेजारच्या खोलगट भागात येते, तिथे कातडीवरूनच चेतना देता येते, शस्त्रक्रिया लागत नाही. आणि हात फळापर्यंत पोचला हे हेडसेटला आपोआप कळतं, म्हणजे बटणही तोच दाबू शकतो.

सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार राहतात ती रे नगर वसाहत आहे; तिथून रोज रिक्षानं शहरात उपचाराला यायचं, तर सोबतच्या माणसाचीही मजुरी बुडते. घरी सराव मोजून देणारं, परवडणारं यंत्र अशाच घरांना सगळ्यात आधी हवंय. तोवर वाटीतले शेंगदाणे एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकता येतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहिता येतो. कोणती हालचाल, किती वेळा, हे थेरपिस्टकडून ठरवून घ्या. लुळ्या हाताला धरून माणसाला उठवू नका, खांदा निखळतो. आणि मेडिकलमध्ये मिळणारं शेक-करंटचं यंत्र व्हेगसच्या नावाखाली मानेवर लावू नका. तिथे चुकीच्या जागी करंट गेला, तर रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो.