पॉलिस्टायरीनची बेल एअर

१९५७ सालची शेव्हरले बेल एअर ही मोटार सुमारे ५.०८ मीटर लांब होती. १:२५ या प्रमाणात तिची प्रतिकृती जेमतेम २० सेंटिमीटरची होते. मिशिगनमधील एएमटी कंपनीने १९५८ मध्ये याच प्रमाणातले ‘थ्री इन वन’ संच बाजारात आणले. एकाच खोक्यातील सुट्या भागांतून मूळ, सजवलेली किंवा शर्यतीची अशी हवी ती गाडी त्यांतून जुळवता येत असे आणि अमेरिकेतील असंख्य मुलांना या छंदाची गोडी तिथेच लागली. या छंदातले यश हाताच्या कौशल्याइतकेच, हे भाग ज्या प्लास्टिकचे असतात त्या पॉलिस्टायरीनच्या स्वभावावर अवलंबून असते, असे मला वाटते.

पॉलिस्टायरीन सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते. त्याहून बरेच तापवून, दाब देऊन ते पोलादी साच्यात भरले, की दाराच्या मुठीचे बारीक उठावसुद्धा त्यात उमटतात. त्याचे लांबलचक रेणू शेवयांसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. दोन भाग एकत्र धरून फटीशी पातळ द्रावक टेकवला, की केशाकर्षणाने तो आत ओढला जातो, दोन्ही पृष्ठभाग विरघळवतो आणि एका भागाचे रेणू दुसऱ्यात शिरतात. द्रावक उडून गेल्यावर मध्ये गोंदाचा वेगळा थर उरत नाही. भाग खऱ्या अर्थाने एकजीव झालेले असतात. म्हणूनच घाई करू नये, कारण वरून कोरडा दिसणारा सांधा आतून बराच वेळ मऊ राहतो.

बंपर आणि गाडीच्या पुढच्या जाळीची (ग्रिल) चकाकी मात्र या जोडणीच्या आड येते. निर्वात कक्षात ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा अत्यंत पातळ थर प्लास्टिकवर बसवलेला असतो. हा धातूचा थर आणि त्याखालचा लॅकर, म्हणजे वार्निशसारखा लेप, यांमुळे द्रावक पॉलिस्टायरीनपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे जोडाच्या जागी दोन्ही आधी खरवडून काढावे लागतात. उलट, तीव्र द्रावकाचा लॅकर रंग उघड्या प्लास्टिकवर मारला, तर तोच द्रावक साच्यातील ताण उरलेल्या जागी शिरतो आणि पृष्ठभागावर बारीक भेगांचे जाळे उमटते. प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, थर आधी देण्यामागे हेही एक कारण आहे.

सर्वांत चिवट त्रास टायरचा आहे. मऊ टायर पुष्कळदा पीव्हीसीचे असतात आणि त्यांना लवचीक ठेवणारा प्लास्टिसायझर वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर झिरपतो. पॉलिस्टायरीनच्या चाकाला टायर टेकलेला असेल, तर हा द्रव चाकाला मऊ करतो आणि काचेच्या कपाटात जपलेल्या गाडीचीही चाके टायरच्या कडेशी वितळल्यासारखी होतात. टायर चढवण्यापूर्वी रिमवर धातूच्या पातळ वर्खाची पट्टी गुंडाळली, तर प्लास्टिसायझरला धातूतून पलीकडे जाता येत नाही आणि चाक शाबूत राहते.