एसएसडी पहिल्यापासूनच स्लो, की मधेच दमते?

'एसएसडी स्लो आहे' या एकाच तक्रारीत दोन वेगळे आजार दडलेले असतात. एकात एसएसडी (कॉम्प्युटरमधली वेगवान साठवण) ठणठणीत असते, तिच्यापर्यंतचा रस्ता, म्हणजे पोर्ट, केबल किंवा स्लॉट, अरुंद असतो. ठाण्याचा घोडबंदर रोड कितीही रुंद केला तरी गायमुख घाटात गाड्या तुंबतातच, तसं. दुसऱ्यात रस्ता मोकळा असतो, एसएसडीच दमते. पहिल्या आजारावर नवी एसएसडी घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

निदान सोपं आहे. क्रिस्टलडिस्कमार्क या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकच फेरी ठेवून चाचणी आधी 1 जीबीची आणि मग 64 जीबीची करा. दोन्ही वेळा रीड (वाचण्याचा वेग) आणि राइट (लिहिण्याचा वेग) ठरावीक आकड्याला अडकले, तर रस्ता तपासा. 1 जीबीला झकास आणि 64 जीबीला फक्त राइट कोसळला, तर एसएसडीची कॅश, म्हणजे आधी भरली जाणारी वेगवान जागा, संपली. विंडोजच्या कॉपीच्या आलेखावर मात्र विसंबू नका. सुरुवातीची उसळी बहुतेकदा रॅमची असते.

रस्त्याचा दोष आकडाच सांगतो. सेकंदाला 40 एमबीच्या आसपास: यूएसबी 2 चं पोर्ट किंवा केबल. 550: साटा, हा जुना, संथ जोडणीचा प्रकार. एम.2 आकाराची (च्युइंगगमच्या पट्टीसारखी) एसएसडी साटाचीही असते, आणि दुकानात हा घोळ फार होतो. 1700: पीसीआयई 3.0 या वेगवान जोडणीच्या चारऐवजी दोनच लेन (डेटाच्या मार्गिका). 3500: जेन 4 ची (पीसीआयई 4.0 ची) एसएसडी जेन 3 वर (पीसीआयई 3.0 वर) चालतेय. यातला फसवा प्रकार रायझन 5600जी या प्रोसेसरचा. मदरबोर्ड बी550, स्लॉटवर जेन 4 लिहिलेलं, पण हा प्रोसेसर पीसीआयई 3.0 च देतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) कितीही खाटखूट केली तरी 7000 येणार नाहीत. खात्रीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमधला 'ट्रान्सफर मोड' पाहा: उभ्या रेघेच्या डावीकडे सध्याचा वेग, उजवीकडे एसएसडीची कुवत. दोन्ही जुळत नसतील तर स्लॉट बदलून बघा. बोर्डाच्या पुस्तिकेत कोणत्या स्लॉटला किती लेन, हे छापलेलं असतं.

दमणाऱ्या एसएसडीत दोन कारणं गुंततात: कॅश आणि उष्णता. टीएलसी आणि क्यूएलसी (एका पेशीत अनुक्रमे तीन आणि चार बिट साठवणाऱ्या) एसएसडी थोडी जागा वेगवान कॅश म्हणून वापरतात. ती भरली की स्वस्त क्यूएलसी 100 एमबीच्या घरातही येते. एसएसडी जितकी भरलेली, तितकी ही कॅश बहुधा लहान, म्हणून एसएसडी रिकामी करून चाचणी घेऊ नका. तक्रार असते त्याच अवस्थेत घ्या. काही मिनिटं स्वस्थ ठेवल्यावर वेग परतला आणि तापमान साधारण होतं, तर दोष कॅशचा. 15-20 टक्के जागा मोकळी ठेवा आणि विंडोजच्या 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज'मधून ट्रिम (पुसलेली जागा एसएसडीला मोकळी करून देणारी सोय) चालवा.

तापमान 75-80 अंशांपलीकडे गेलं आणि रीडही घसरला, तर ती उष्णता. मे महिन्यात ठाण्यातल्या बिनएसीच्या खोलीत 34 अंश असतात, 24 अंशांच्या खोलीपेक्षा दहा जास्त, आणि एसएसडीचं तापमानही साधारण तेवढंच वर सरकतं. नवा हीटसिंक (उष्णता बाहेर काढणारा धातूचा तुकडा) घेण्याआधी असलेला उघडून पाहा. त्याखालच्या थर्मल पॅडवरचा (उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणाऱ्या मऊ पट्टीवरचा) प्लास्टिकचा पापुद्रा काढायचा राहून गेलेला बरेचदा सापडतो.