नागड्या सम्राटाच्या गोष्टीत पोर सगळ्यात शेवटी आलं

‘सम्राटाचे नवे कपडे’ ही डॅनिश लेखक हान्स क्रिश्चन अँडरसनची गोष्ट ७ एप्रिल १८३७ रोजी कोपनहेगनमध्ये प्रसिद्ध झाली. जलपरीची गोष्टही त्याच पातळ पुस्तिकेत होती. दोन ठग विणकर, मूर्खांना न दिसणारं कापड, भर मिरवणुकीत नागडा चालणारा सम्राट आणि ‘पण त्याच्या अंगावर तर काहीच नाही!’ म्हणणारं पोर, हे सगळं आपल्याला शाळेपासून पाठ आहे. हस्तलिखितात मात्र हे पोर नव्हतंच. तिथे लोक वाहवा करतात, सम्राट खूष होतो आणि यापुढे प्रत्येक मिरवणुकीत हाच पोशाख घालायचं ठरवतो. मजकूर छपाईला गेल्यावर अँडरसनने मुद्रितं पाहणाऱ्या एडवर्ड कॉलिन या मित्राला कळवून शेवट बदलून घेतला. ज्या वाक्यामुळे ही गोष्ट जगभर गेली, ते असं ऐनवेळी आत शिरलेलं आहे.

कथाबीजही त्याचं स्वतःचं नव्हतं, आणि त्याने ते लपवलंही नाही. स्पेनच्या डॉन ह्वान मानुएल या सरदाराने १३३५ मध्ये ‘काउंट लुकानोर’ हा बोधकथांचा संग्रह पूर्ण केला. त्यातली बत्तिसावी कथा अँडरसनने जर्मन भाषांतरातून वाचली होती. तिथे ठग तीन आहेत आणि कापडाची अटही वेगळी आहे. जो खरोखर आपल्या बापाचाच मुलगा आहे, त्यालाच ते दिसणार. राजाला ही कल्पना फार आवडते, कारण अनौरस ठरलेल्यांची मालमत्ता त्याला खजिन्यात ओढता येणार असते. पुढे त्याला स्वतःलाच कापड दिसत नाही, तेव्हा सिंहासनच धोक्यात येतं आणि तोही कापडाची तारीफ करू लागतो. शेवटी खरं बोलतो तो राजाचा काळा मोतद्दार. मला कुणाचाही मुलगा म्हणा, माझं काय जातंय, असा त्याचा रोकडा हिशेब. गमावण्यासारखं काही नसलेला दरबारातला तो एकटाच.

हीच युक्ती ‘डॉन किहोते’ लिहिणाऱ्या थेरवांतेसने (सर्व्हांटिसने) १६१५ मध्ये एका प्रहसनात वापरली. कापडाऐवजी तिथे अद्भुत खेळ आहे, आणि ज्याच्या वंशात ज्यू रक्त मिसळलं आहे किंवा जो अनौरस आहे, त्याला तो दिसत नाही. त्या काळच्या स्पेनमध्ये ‘शुद्ध रक्ता’चा दाखला नोकरीपासून लग्नापर्यंत आडवा येत असे. म्हणजे गोष्ट तीच, पण प्रत्येक सांगणाऱ्याने तिच्यात आपल्या समाजाची नेमकी भीती भरली.

या सगळ्यांच्या आधी ही कथा भारतात सांगितली गेली होती. जैन आचार्य जिनेश्वरसूरींचा अकराव्या शतकातला ‘निर्वाणलीलावती’ हा ग्रंथ आज हाती नाही, पण जिनरत्नांनी तेराव्या शतकात केलेला त्याचा सारांश, ‘लीलावतीसार’, उपलब्ध आहे. त्यात हस्तिनापूरचा धन नावाचा लबाड व्यापारी श्रावस्तीच्या राजाला असंच दिव्य वस्त्र विणून देतो. इथेही अट औरसपणाचीच. मिरवणूक निघते आणि प्रजा राजाला विचारते, महाराज, आपण नग्न साधू झालात की काय? नागड्या राजाचा असा सरळ, भाबडा अर्थ लावणं याच मातीत सुचू शकतं. मला तर हा शेवट अँडरसनच्या शेवटापेक्षा जास्त मिश्कील वाटतो. इथून कथा थेट स्पेनला गेली असा दावा करण्याचा मोह मात्र आवरावा; मधली वाट कागदावर सापडत नाही.

अँडरसनने जन्माची अट काढून टाकली. त्याच्या गोष्टीतलं कापड दिसत नाही ते आपल्या हुद्द्याला नालायक असलेल्याला किंवा पार मूर्ख असलेल्याला. हा बदल १८३७ च्या कोपनहेगनमध्ये चपखल बसणारा होता. १६६० पासून डेन्मार्कमध्ये अनियंत्रित राजेशाही होती आणि तिचा गाडा हुद्देदारांवर चालत होता. दोनच वर्षांपूर्वी, १८३५ मध्ये, वृत्तपत्रांवर आणखी निर्बंध येणार अशा शंकेने नामवंत मंडळींनी सहाव्या फ्रेडरिक राजाकडे अर्ज केला होता. देशाचं हित कशात आहे हे ठरवायला आम्हीच काय ते समर्थ, असं त्याचं उत्तर आलं. अँडरसन स्वतः ओडेन्सेच्या चांभाराचा आणि धोबिणीचा मुलगा, चौदाव्या वर्षी एकटा राजधानीत आलेला. बड्या घरांतून वावरताना आपण इथे शोभतो का, हा प्रश्न त्याच्या कायम मानगुटीवर असे.

म्हणूनच गोष्टीचा जीव मला सम्राटापेक्षा म्हाताऱ्या प्रधानात दिसतो. तो प्रामाणिक आहे, हुशार आहे. माग पाहायला त्याला पाठवतात तेच त्यासाठी. रिकामा माग पाहून त्याच्या मनात पहिली शंका ठगांबद्दल येत नाही, स्वतःबद्दल येते. मी मूर्ख आहे की काय? कुणाला कळता कामा नये! मग तो चष्म्यातून निरखत नक्षीचं कौतुक करतो, आणि ठग सांगतील ती रंगांची नावं नीट ध्यानात ठेवतो, कारण पुढे सम्राटासमोर तीच म्हणायची आहेत. गावकरीही काही भाबडे नाहीत. आपला शेजारी किती मूर्ख आहे ते पाहायला सगळे टपलेले आहेत. इथे सम्राट कुणाला धमकावत नाही, की कुणाचं डोकं उडवत नाही. आपल्याकडे अग्रलेखांत ‘राजा नागडा आहे’ हे वाक्य सत्ताधाऱ्यावर फेकलं जातं, ते ठीकच, पण त्यात हा प्रधान आणि हे शेजारी अलगद सुटून जातात.

पोर कुठून आलं याचा एक धागा अँडरसनच्याच आठवणीत मिळतो. लहानपणी आईबरोबर गर्दीत उभं राहून राजा पाहिला तेव्हा, हा तर साधा माणूसच आहे, असं तो ओरडला होता, आणि आईने त्याला दटावलं होतं. तो राजा म्हणजे हाच सहावा फ्रेडरिक. अँडरसनच्या शिक्षणाचा खर्च पुढे त्याच्याच तिजोरीतून झाला, आणि नागड्या सम्राटाची गोष्ट छापून आल्यावर दुसऱ्याच वर्षी, १८३८ मध्ये, त्यानेच अँडरसनला लेखक म्हणून कायमचं वर्षासन बांधून दिलं.